बबनराव रोज चारला यायचे

मी माझ्या डॉक्टरबाईंना सहा महिने कथा लिहून दिली आणि ती माझी रोजनिशी आहे असं सांगितलं.

त्याचं असं झालं. लोणावळ्याच्या दवाखान्यात बाई म्हणाल्या, "तुम्हाला डिप्रेशन आहे." म्हणजे नैराश्य. माझी समजूत अशी की ते कवींना होतं. मला तर नुसती झोप लागत नव्हती, भाजीला चव नव्हती आणि दाढी करायला कारण सापडत नव्हतं. देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून वलवणला एकटा राहणारा माणूस दाढी कोणासाठी करणार?

बाईंनी अँटिडिप्रेसंट, म्हणजे मनाची मरगळ उतरवणारी गोळी दिली आणि मूड डायरी ठेवायला सांगितली. दिवसभरात काय केलं, कोणाशी बोललो, कसं वाटलं, एवढंच लिहायचं.

आता मी पडलो लेखक. दिवाळी अंकांत दोन कथा छापून आल्यात. पहिल्या दिवशी खरी नोंद झाली ती अशी: उठलो. कोणाशी बोललो नाही. झोपलो. दुसऱ्या दिवशीही तेच. असलं लिखाण कुठल्याही संपादकाने परत पाठवलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी बबनरावांना आणलं.

बबनराव रेल्वेतून निवृत्त. रोज दुपारी चारला यायचे, खुर्ची ओढायचे आणि माझी टिंगल करायचे. मी त्यांना आल्याचा चहा आणि कांदाभजी द्यायचो. भजी कागदावरच, पण वर्णन नेमकं उतरावं म्हणून चहाचे दोन कप मी खरोखर मांडायचो. लिहून होईतो दुसऱ्या कपावर साय धरायची. मग तोही मीच प्यायचो.

दर महिन्याला बाई वही वाचायच्या. "छान. बबनरावांमुळे फरक पडतोय," म्हणायच्या. पात्र जमलं म्हणून मी खूश. पाचव्या महिन्यात त्यांनी डोस, म्हणजे गोळीचं प्रमाण, कमी केला.

तीन आठवड्यांत मी गाळात गेलो. आंघोळ सुटली. दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायचो. वही मात्र सुटली नाही. त्याच आठवड्यात बबनराव आणि मी कुरवंड्याला फिरून आलो, असं तिच्यात लिहिलंय.

पुढच्या भेटीत बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "चेहरा आणि वही जुळत नाहीत. उद्या बबनरावांना घेऊन या. रोज तुम्हाला बघणाऱ्या माणसाशी मला बोलायचंय."

इथे तरी खरं बोलायला हवं होतं. मी शेजारच्या पांडुआबांकडे गेलो. ते म्हशीला पेंड घालत होते. "आबा, उद्या तासभर बबनराव व्हाल का?" सगळं समजावून सांगितलं.

"व्हतो की," आबा म्हणाले. "मला कुटं काम हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "तुम्ही रोज यांच्याकडे चहाला जाता ना?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "न्हाई बाई. मी पांडू. वहिनी व्हत्या तवर जायचो. त्या गेल्यापास्नं यांनी कवा 'या' म्हटलं न्हाई. दार लावलेलं असतंय."

टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत मी बबनराव कागदावरचेच आहेत हे सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. "बबनराव चांगले उतरलेत," म्हणाल्या, "पण गोळी मी तुम्हाला देते, त्यांना नाही. त्यांच्यासाठी वेगळी वही करा. लिहाच. या वहीत मात्र खरं." डोस पुन्हा वाढला.

तुमच्यापैकी कोणाला अशी वही ठेवायला सांगितली, तर कंटाळवाणं लिहा. 'कोणाशी बोललो नाही' हे साहित्य नसेल, पण डॉक्टरला तेच वाक्य हवं असतं. मी ते कलेपोटी नव्हे, लाजेपोटी लपवलं होतं. एवढं कबूल करायलाही मला बरेच दिवस लागले.

अजून काही दिवस वाईट जातात. तेही लिहितो. आठवड्यातून दोनदा आबा येतात. परवा त्यांनी जुनी वही मागून घेतली, चष्मा लावून दहा-बारा पानं वाचली आणि समोरचा कप बाजूला सारला.

"भाऊ, जो न्हाई त्याला रोज कांदाभजी, आन जो हाय त्याला नुसता च्या. त्यो बी पानचट."