ईटच्या रस्त्यावरचे लाल ठिपके

मंडळी, सकाळी ग्रुपवर रस्तेवाल्यांना शिव्या घातल्या, त्या परत घेतोय.

आपण सायकलवाले खिशात फोन ठेवून फिरतो. जोरात ब्रेक दाबला की ॲप नकाशावर लाल ठिपका टाकतं. ईट गावाजवळच्या सरळ रस्त्यावर ठिपकेच ठिपके दिसले. खड्डाच असणार, म्हणून मी तोंड सोडलं. त्यावर आपल्या ग्रुपमधल्या सलीमभाईंनी मला एवढंच लिहिलं, "जाऊ द्या, गुरुजी."

दुपारी फोटो काढायला गेलो. खड्डा नव्हताच. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, कडेनं दगडं मांडलेली आणि राखणीला आमचे आबा. रविवारी त्या सोयाबीनची पोती मीच तिथं उतरवली होती. आपलं सोयाबीन कुणाच्या वाटेत येतंय, हे डोक्यातच आलं नाही.

"आबा, हितं कुणी पडलं का?"

"काल तुझा सलीमभाई पडला की. दगड चुकवाया गेला, कोपर लई सोललं. तरी इस्कटलेलं सोयाबीन माझ्यासंगं गोळा केलं, मगच गेला."

सलीमभाई, तुमच्या दारात यायचं तोंड नाही, म्हणून इथं लिहितोय. दगडं उचलली, सोयाबीन घरी नेलं.

बाकीच्यांनो, तुमच्या घरचं सोयाबीन आज कुठं वाळतंय?