चित्रं बंद

बाबांच्या फोनवर चित्रं दिसत नसत. फोन बिघडलेला नव्हता, त्यांनीच तो तसा ठेवला होता. जुना फोन, जागा कमी. नेहमीचा ब्राउझर त्यात उघडता उघडता धापा टाकायचा. मग शेजारच्या कुणीतरी त्यांना एक हलका ब्राउझर घालून दिला. पान चटकन उघडायचं, डेटा कमी जायचा, आणि एक बटण दाबलं की सगळी चित्रं बंद. चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन यायचा. त्यावर बोट दाबून धरलं तरच आतला फोटो दिसायचा. किती डेटा वाचला तेही तो ब्राउझर सांगायचा, आणि बाबा ते मला रोज वाचून दाखवायचे, जसं काही घरात पगार आणलाय. नवा फोन घेऊन देते म्हटलं की म्हणत, "वाचायला अक्षरं लागतात. फोटो बघून काय करायचंय?"

आई गेल्यावर मी त्यांना विदर्भातून फरीदाबादला आणलं. आणलं म्हणजे अक्षरशः उचलून आणलं. त्यांची यायची इच्छा नव्हती. माझी नोकरी दिल्लीत, सरकारी कचेरीत. सकाळी मेट्रो पकडायची ती संध्याकाळीच परत. बाबा खाली उतरले की बाकावर बसलेले सगळे "अंकलजी, नमस्ते" म्हणायचे, बाबा "हां जी" म्हणायचे, आणि तिथेच गप्पा संपायच्या. हिवाळ्यात धुरामुळे खिडक्याही बंद. माझी मुलगी त्यांच्याशी मराठीच बोलते, पण त्यांचे अर्धे शब्द तिला कळत नाहीत. आधी ते हौसेने समजावून सांगत. पुढे त्याचाही कंटाळा आला आणि ते बोलेनासे झाले.

उरल्या दोनच गोष्टी. एक, सकाळी त्या हलक्या ब्राउझरवर आमच्या जिल्ह्याचं वर्तमानपत्र उघडायचं आणि सगळ्यात आधी निधनवार्ता वाचायच्या. गाव सुटलेल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांची ही रीतच आहे. ओळखीचं कुणी असलं की त्या घरी फोन करून दोन शब्द बोलायचे. दुसरी गोष्ट, रविवारी बुद्धवंदना आटोपली की मित्राला फोन. हा मित्र पहिलीपासूनचा, एका बाकावरचा. त्याला मोतीबिंदू, नंबर लावता यायचा नाही, वाजलेला फोन उचलणं तेवढं जमायचं. म्हणून फोन कायम बाबांचाच जायचा. एरवी गप्प असणारा हा माणूस त्या फोनवर खदखदून हसायचा, शिव्यासुद्धा द्यायचा. त्या एका फोनवर ते पुढचा आठवडा काढत. हे मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं आणि बरं वाटायचं.

एका सकाळी मी डबा भरत असताना बाबा म्हणाले, "गेला."

निधनवार्ता तीन ओळींची होती. नाव मित्राचं, आडनाव मित्राचं, गाव आमचं. "त्यांच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे." तसा तो सगळ्यांच्याच पश्चात असतो. वर राखाडी चौकोन. आमच्या गावात अर्ध्या वस्तीचं आडनाव एकच आहे, म्हणून मी विचारलं, "बाबा, त्याच नावाचं दुसरं कुणी नाही ना?"

"आहे एक, विहिरीपलीकडचा. पण तो धट्टाकट्टा आहे. खोकत होता तो माझा."

हे खरं होतं. गेले काही रविवार या मित्राचा, आमच्या काकांचा, खोकला फोनमधून मलासुद्धा ऐकू येत होता. तरी मी म्हटलं, त्यांच्या घरी एकदा लावून बघू. बाबांनी फोन छातीशी धरला. "तो फोन तोच उचलायचा. आता दुसऱ्या कुणी उचलला तर मला ऐकवणार नाही. राहू दे."

त्यांनी पांढरा सदरा घातला, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. आवाज मध्येच फुटला तेव्हा मुलगी दारात येऊन मला म्हणाली, "आजोबांचे फ्रेंड एक्सपायर झाले का?" बाबांनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. वंदना झाली की ते फोन हातात घेऊन बसत आणि काही वेळाने परत ठेवून देत. मी बोलायला जायची, पण माझ्याशी ते काय बोलणार? मी त्यांच्या बाकावर नव्हते.

थंडी सरत आली तेव्हा एका संध्याकाळी कचेरीतून निघताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांचा मुलगा होता.

"ताई, बाबा काल गेले. तुमचा नंबर कसाबसा मिळवला. काकांना तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "काल?"

"काल दुपारी. आजारी होतेच. पण ताई, रागावू नका, शेवटपर्यंत फोन उशाशी घेऊन होते. रविवारी तर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, मी लावून देतो काकांना. तर म्हणाले, आजवर त्यानेच केलाय, तोच करेल. नंतर नंतर म्हणायला लागले, दिल्लीला जाऊन मोठा झाला तो." मग तो म्हणाला, "पेपरात दिलंय. उद्या येईल."

मेट्रोत उभ्या उभ्या मी माझ्या फोनवर ती जुनी निधनवार्ता शोधली. माझ्या फोनवर चित्रं दिसतात. राखाडी चौकोनाच्या जागी पांढरी टोपी घातलेला, गालफडं वर आलेला एक माणूस होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. काकांच्या मिशा तर अशा झुबकेदार, की लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्या ओढायची. मला इतका राग आला की समोरच्या बाईला मी उगाचच "देख के चलो ना" म्हणून टाकलं. ती बिचारी जागची हललीसुद्धा नव्हती. इतके रविवार दोन म्हातारे दोन टोकांना आपापला फोन धरून बसले होते. एक दुसऱ्याला मेलेला समजत होता, दुसरा पहिल्याला बदललेला. आणि आता याचं काहीही करता येणार नव्हतं.

घरी गेल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. पण दार उघडताच बाबा म्हणाले, "आज मेथी छान मिळाली, मी निवडून ठेवलीय." कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही केलं होतं. माझ्याच्याने सांगवलं नाही. सकाळी ते वाचायला बसायच्या आत सांगू, असं मी स्वतःला बजावलं आणि मेथी फोडणीला टाकली.

सकाळी मी चहा घेऊन गेले तोवर पान उघडलेलं होतं. बाबांचा चष्मा नाकावर, अंगठा स्क्रीनवर. मी तिथेच थांबले.

"अगं, हे बघ," ते म्हणाले. "तो विहिरीपलीकडचाही गेला. धट्टाकट्टा होता." ते चुकचुकले. "नाव एक, गाव एक, गेलेही पाठोपाठ."

मी कप खाली ठेवला.

"याचं माझं कधी बोलणं नव्हतं. चेहरासुद्धा आता आठवत नाही." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हा चौकोन दाब बरं. बघू कसा होता."

मी फोन घेतला. बोट चौकोनाच्या अगदी जवळ नेलं. दाबून धरलं असतं तर मिशा आल्या असत्या.

"येत नाहीये, बाबा. नेट गेलंय."

"जाऊ दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन परत घेतला. "अनोळखी माणसासाठी कशाला डेटा घालवायचा."