परक्यासमोर शहाणी होणारी वीज

आमच्या काकूंनी टेलिफोनच्या कचेरीत एकतीस वर्षं एकच काम केलं: बिघडलेली लाइन शोधणं. शेकडो गावांच्या तारा त्यांनी बोलत्या केल्या, पण त्यांतलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी पुष्पगुच्छ हातात असतानाच त्या काकांना म्हणाल्या, "अहो, आता ती गावं बघायची." काका म्हणाले, "बघू." काकूंनी त्याला वचन मानलं आणि वर्षभरात दारात एक जुनी घरगाडी आणून उभी केली. आत शेगडी, बेसिन, रात्री पलंग होणारा लांब बाक, आणि काकांना श्वास रोखूनच शिरता येईल एवढं न्हाणीघर.

काका हे वजनदार गृहस्थ. हे मी आदराने म्हणतो आहे आणि वजनकाट्यालाही ते मान्य आहे. त्यांना रंग देण्याचं भारी वेड. त्यांच्या हातात ब्रश दिसला की घरातलं मांजरसुद्धा कपाटावर चढून बसतं. तीन महिने खपून त्यांनी अख्खी गाडी आतून पिस्ता रंगाची केली. स्क्रू काढून, खालचा पत्रा रंगवून, स्क्रू परत लावले. "जे दिसत नाही तेही सुंदर हवं," असं त्यांचं म्हणणं.

गाडी सजली, आणि वीज पळायला लागली.

कधी जाईल, कधी येईल, नेम नाही. इतर कुणी असतं तर मेणबत्ती लावून हसलं असतं. पण काकांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार. नाकावर मुखवटा आणि उशाशी यंत्र चालू असेल तरच झोपायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. काका बाकावर आडवे झाले, घोरण्याचा सूर लागला, की यंत्र बंद! ते धडपडत उभे राहिले की यंत्र पुन्हा निमूटपणे चालू.

त्यांच्या मुलाने निकाल दिला. "आई, ज्या गाडीत बाबांना श्वास घेता येत नाही, तिच्यातून मी तुम्हाला कोपऱ्यापर्यंतही जाऊ देणार नाही. रविवारी गिऱ्हाईक येतंय. विकून टाकू."

"आज गुरुवार आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग गाडी अजून माझी आहे."

तोवर तीन कारागीर येऊन गेले होते. पहिल्याने बॅटरी बदलली, दुसऱ्याने चार्जर बदलला. तिसरा दोन तास दिवे लावत-विझवत बसला आणि म्हणाला, "काकू, वीज ठणठणीत आहे. तुमच्या मनात शंका आहे."

"माझ्या मनाला फ्यूज नाही, बाबा. ते उडत नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांना "आता आराम कर गं" असं सांगून इतके दिवस दूर ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र काकूंनी विजेचा दाब मोजणारा आपला जुना मीटर काढला, पदर खोचला आणि वही उघडली. वीज जाण्याच्या सगळ्या वेळा त्यांनी टिपून ठेवल्या होत्या; एकतीस वर्षांची खोड! एकोणीस नोंदी. एकही नोंद कारागीर असतानाची नव्हती.

"कारागीर आला की आपण काय करतो?" त्यांनी विचारलं.

"त्याला जागा देतो," काका म्हणाले. "मी तर आधी बाहेर येतो. त्या बिचाऱ्याने मावायचं कुठे?"

"झालं! तुमचा शिष्टाचार नडला. परक्यासमोर शहाणं व्हायला त्या विजेला तुम्हीच शिकवलंत. चला, आत. रोजच्यासारखे राहा."

मग काका, मुलगा आणि मी, सगळे आत. काकूंनी दिवे, पंखा, यंत्र सगळं सुरू केलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. आकडा शून्याजवळ. तसाच हवा. मुलगा बाकावर बसला, शून्य. मी बसलो, शून्य.

"आता तुम्ही. नेहमीच्या कोपऱ्यात."

काका संकोचाने टेकले. दिवे गेले. मीटरवर बारा.

"उठा." शून्य. "बसा." बारा. "उठा."

"अगं, मी काय बटण आहे का?"

"सापडलात!" काकू आनंदाने ओरडल्या.

बॅटरीची तार सोडवून त्यांनी बाकाची फळी उचलली. खाली बॅटरीकडून आलेली जाड काळी तार एका बोल्टने गाडीच्या पत्र्याला जोडलेली. सगळ्या दिव्यांची वीज परतायची ती याच वाटेने. काकांनी इथेही बोल्ट काढून खालचा पत्रा नीट दोन हात रंगवला होता. रंगातून वीज जात नाही. ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जीव धरून होती. काका बसले की फळी वाकून तारेला रेटायची, आणि तोही आधार सुटायचा.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच बसलो आणि मीच रंगवलं?"

"तुम्ही सुंदर रंगवलंत," काकू म्हणाल्या आणि सॅंडपेपर घेऊन तो सुंदर रंग खरवडायला लागल्या. पत्रा चकचकीत उघडा झाल्यावर बोल्ट करकचून आवळला, तार फळीपासून दूर बांधली. काका हळहळत बघत होते. पिस्ता रंगाचा डबा काकूंनी मुलाकडे देऊन टाकला.

मुलाचा विश्वास बसेना. "आत्ता चालतंय. मध्येच गेलं तर?"

"मग झोपवू त्यांना. तू मोज."

शुक्रवारी काका जेवून तीन तास झोपले. शनिवारी चार. रविवारी पुन्हा. मुलगा मांडीवर मीटर घेऊन समोर बसलेला. आकडा हलला नाही. हलत होते ते काकाच.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दारातून कान देऊन म्हणालं, "इंजिनचा आवाज जरा जास्त वाटतो."

"इंजिन बंद आहे," मुलगा हळूच म्हणाला. "ते बाबा आहेत. माफ करा, तुम्हाला उगाच यावं लागलं. गाडी विकायची नाही. आई-बाबा उद्या सकाळी निघतायत."