शिंक्यातली वाटी

कस्तुराबाई,

काल नातीनं टीव्हीवर एक कार्यक्रम लावला. खरंखुरं कुटुंब, खरंखुरं घर, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे आणि दोन जावा ताटावरून भांडताहेत. नात म्हणाली, "आजी, असं काही पूर्वी नव्हतंच ना?" नव्हतं कसलं डोंबल! परंदवडीला पंचाहत्तर सालीच होऊन गेलंय, मी तिथं शाळेत शिकवत होते तेव्हा. तिला सांगायला लागले, तर तिचं अर्धं लक्ष पडद्याकडं. माझंही होतं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्याच्या घरात डोकावायला मिळालं की मान आपोआप लांब होते. म्हणून आता सबंध लिहूनच काढते. तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची, असं म्हणाल. पण तुम्ही आता ऐकायला नाही, आणि बाकीच्यांनी ती अर्धीच पाहिली आहे, म्हणून त्यांना सांगावी तशीच सांगते.

त्या साली कस्तुराबाईला तसं काही कमी नव्हतं. आंबेमोहोराची खाचरं होती, दावणीला बैल होते, रखमाजीसारखा अबोल नवरा होता. फक्त जाऊ बोलत नव्हती. धाकटा दीर दत्तोबा आणि त्याची बायको शालूबाई एकाच छपराखाली राहायचे, पण मधे कुडाची भिंत आणि पडवीत त्यांची वेगळी चूल. कारण काय, तर खरवस! गाय व्यायली तेव्हा शालूबाईचा भाऊ शिरगावहून आला होता. कस्तुराबाईनं त्याला "खरवस संपला" म्हणून सांगितलं, आणि निघताना त्याला शिंक्यात झाकून ठेवलेली वाटी दिसली. झालं. पुढचं कुणी कुणाला विचारलं नाही. चुली वेगळ्या झाल्या.

तेव्हापासून शालूबाईला काही सांगायचं झालं तर ती मांजराला सांगे. "मांजरे, कुनीतरी माज्या सरपनाला हात लावलाय गं." कस्तुराबाईही मांजरालाच उत्तर देई. मांजर बिचारं दोन्हीकडं बघून कंटाळलं होतं. पण रात्री भाकरी थापताना कुडापलीकडून दुसऱ्या भाकरीचा आवाज आला की कस्तुराबाईचा हात थबके. एका चुलीवर दोघींनी केलेला स्वयंपाक तिला आठवे.

भातं निघाली आणि सरपंच सीताराम धावतच दारात आला.

"वैनी! मुंबईची टीव्ही येतीया गावात! एकत्र कुटुंबाचा एक दीस दावनार हायेत. म्या तुमचं नाव दिलं."

"आमचं? आवो, आमच्यात चुली दोन!"

"मंग एक दीस एक करा की! न्हाईतर सोमाटण्याचं कुटुंब घेत्याल."

शेजारच्या सोमाटण्याचं नाव निघाल्यावर विषयच संपला. गावात नुसती धांदल उडाली. भिंती सारवल्या, अंगणं शिंपली, बैलांची शिंगं रंगली. ज्यांच्या घरी टीव्ही येणार नव्हती त्यांनीही नवी लुगडी काढली. शालूबाईनं मांजराला बजावलं, "म्हनावं, टीव्हीपुरतं बोलीन. गाडी गेली की संपलं."

टीव्हीपुरतं का होईना! कस्तुराबाईला वाटलं, दिवसभर बोलली तर त्यातला एखादा शब्द मागं राहील. न राहून काय करील?

शालूबाईची चूल तेवढी लपवायची होती. दत्तोबा पाण्याची घागर घेऊन आला, तशी ती उसळली. "पेटल्या चुलीत पानी? माज्या संसारावर पानी ओतताय व्हय?" मग निखारे राखेनं झाकले, त्यावर बांबूचा हारा, ती मोठी टोपली, पालथा घातला आणि हाऱ्यावर घोंगडी टाकली.

मोटार आली. काळा चष्मा लावलेले साहेब उतरले आणि म्हणाले, "अगदी रोज वागता तसं वागा." रोज वागतात तसं वागायचं नाही म्हणून तर एवढा खटाटोप होता!

सगळे ओळीनं जेवायला बसले. कस्तुराबाईनं वाढलं, रखमाजीनं घास घेतला. साहेब म्हणाले, "छान! पुन्हा एकदा." आता उष्ट्या ताटात परत पहिल्यापासून कसं वाढणार? कस्तुराबाईनं ताटं उचलली, धुतली, नव्यानं वाढली. साहेब म्हणाले, "पुन्हा." परत ताटं धुतली. अखेर रखमाजीनं त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. "सायेब, आता जागा न्हाई. दत्तोबाचं तोंड घ्या."

सगळे हसले, आणि त्या हशातच शालूबाई वळून म्हणाली, "आक्का, तुमी बसा. म्या वाढते."

आक्का! कस्तुराबाईच्या हातातली पळी कालवणात पडली.

तेवढ्यात साहेबांनी नाक वर केलं. "तिकडे काय जळतंय?"

घोंगडीतून धूर येत होता. दत्तोबानं ती ओढली तर हारा भडकलेला! घागरी पालथ्या झाल्या, बायका ओरडल्या, मांजर आढ्यावर गेलं. विझवून पाहतात तो मधोमध शालूबाईची चूल. कॅमेरा चालूच.

"दुसरी चूल?" साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचं पटत नाही?" चिडले असतील म्हणावं तर चेहरा उजळलेला. माईक थेट शालूबाईपुढं धरला. आणि एवढे दिवस मांजराला सांगून थकलेली बाई, तिला असा मन लावून ऐकणारा माणूस भेटल्यावर ती थांबते कसली?

"न्हाईच पटत! माज्या भावाला हिनं खरवस न्हाई म्हनून सांगितलं, आन शिंक्यात वाटी दडवून ठिवली व्हती!"

"अगं सटवे, ती वाटी तुजी व्हती!" कस्तुराबाई कडाडली. "तू भाताच्या आवणीला चिखलात गेलतीस. गारठून येशील म्हनून तुज्यासाटी ठिवली. तुजा भाऊ दोन वाट्या खाऊन तिसरी मागत व्हता!"

शालूबाईनं माईक बाजूला सारला. मग हळूच म्हणाली, "मंग सांगितलं का न्हाई?"

"तू इच्यारलंस व्हय?"

"आवो आक्का, मांजराला तरी सांगायचं!"

दोघी एकदम हसत सुटल्या. हसता हसता शालूबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग दोघी एकाच ताटात जेवल्या, आणि साहेबांनी एकदाही "पुन्हा" म्हटलं नाही. त्या संध्याकाळी पडवीतली चूल पेटली नाही.

कार्यक्रम लागला त्या दिवशी पंचायतीच्या अंगणात मुंगीला जागा नव्हती. शिरगावहून शालूबाईचा भाऊही आला होता. रखमाजी पडद्यावर दिसला तशा शिट्ट्या वाजल्या, बैल दिसले तेव्हा त्याहून मोठ्या. आग लागली तेव्हा लोक उठून उभे राहिले. मग शालूबाईचा तो मोठा चेहरा, "शिंक्यात वाटी दडवून ठिवली व्हती!" कस्तुराबाईनं तोंड उघडलं, आणि पडद्यावर एकदम पाण्याचा पंप आला. शेतीची माहिती सुरू झाली.

पुढचं सगळं कापलेलं.

अख्खं गाव कस्तुराबाईकडं वळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय मावशी, अजून हाय का वाटी?" हशा पिकला. शालूबाईचा भाऊ उभा राहिला. "बघितलं का? जगानं बघितलं! शाले, ऊठ. ह्या घरात न्हाई ऱ्हायाचं."

शालूबाई उठली. कस्तुराबाईनं डोळे मिटून घेतले. पण शालूबाई भावाकडं गेली नाही. ती सरळ टीव्हीसमोर जाऊन, पंपाला पाठ करून उभी राहिली.

"गप ए दादा! ह्या डबड्यानं अर्धं गिळलंय. ती वाटी माजी व्हती, आक्कानं माज्यासाटी ठिवल्याली! आन तू किती खाल्लास ते सांगू का हितं?"

गाव असं हसलं की पंपाचा आवाज ऐकू येईना. घरी जाताना दोघी जावा पुढं आणि भाऊ सगळ्यांच्या मागं. मधला कूड त्या आठवड्यातच निघाला.

परंदवडीपुरतं मिटलं. पण टीव्ही काय एकट्या परंदवडीनं पाहिली होती? तळेगावच्या बाजारात अनोळखी बायका बोट दाखवायच्या, "तीच बगा, शिंकंवाली!" प्रत्येक गावी शालूबाई कुठं पुरी पडणार?

म्हणून तर तुम्ही मला विचारलंत, "बाई, त्यो कापल्याला तुकडा कुटं ठेवत असत्याल? आपुन जाऊन मागू. येकडाव तेवढाच दावा म्हनू." भातझोडणी उरकली की घोरावाडी स्टेशनात मुंबईच्या गाडीत बसायचं, असं आपण ठरवलं. त्या कापणाऱ्या माणसासाठी तुम्ही आंबेमोहोराची पिशवीसुद्धा बाजूला काढलीत. त्या साली शालूबाई बाळंत झाली. पुढच्या साली माझी लोणावळ्याला बदली. पिशवी दर सुगीला भरायची आणि पाऊस लागेतो रिकामी व्हायची.

लोणावळ्याला शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "पिशवी भरून ठिवलीया, बाई. कवा निघायचं?"

मी म्हटलं, "परीक्षा आटपू द्या, लगेच निघू."