दहावा लूप

कुणी डबा उघडायला वेळ लावला तर मी तो त्याच्या हातातून ओढून घेते. आई म्हणायची, हिला धीर म्हणून नाही. तिची तक्रार डब्यांपुरतीच होती. डब्यांपुरतंच असतं तर किती बरं झालं असतं.

मला प्रोग्रामिंग शिकवलं ते दादाने. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा शिक्षण सोडून तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला. ऐंशीच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी त्यालाच त्याच्यापुढे बसवलं. मशीन एकच, दादाच्या वाट्याला दिवसातून तासभर यायचं. म्हणून आमच्या डोंबिवलीच्या घरी तो अख्खा प्रोग्राम आधी कागदावर चालवून बघायचा. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, पट्टीने रकाने आखायचे आणि पहिल्या रकान्यावर i लिहायचं. लूप म्हणजे मशीनने तेच काम फेरीफेरीने करत राहायचं, आणि i म्हणजे त्याची कितवी फेरी चालू आहे तो आकडा. दर फेरीला बाकीच्या रकान्यांत काय बदललं ते पेन्सिलीने खाली खाली लिहीत जायचं.

मी तेव्हा सातवीत होते. तो मला शेजारी बसवून पेन्सिल माझ्या हातात द्यायचा आणि गप्प राहायचा. मी चुकले तरी गप्प, रडकुंडीला आले तरी गप्प. "सापडेल गं. i वर बोट ठेव आणि परत वरून ये." यापलीकडे एक अक्षर नाही.

नव्वदीच्या शेवटी मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये जावा ही प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकवायला लागले. त्याच सुमारास दादाच्या कारखान्यात नवी सिस्टीम आली. दिवाळीपर्यंत जो जावाचा कोर्स पुरा करेल तो नव्या विभागात, बाकीचे स्टोअरमध्ये, असं साहेबांनी सांगून टाकलं. बारा-तेरा वर्षं ज्याच्यावाचून तिथलं मशीन अडायचं, तो दादा खिळे-बोल्टांच्या खोक्यांत जाऊन बसणार होता. त्याने मुकाट्याने माझ्याच क्लासमध्ये नाव घातलं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमागे शेवटच्या बाकावर बसायचा आणि त्यांच्यासारखंच मला मॅडम म्हणायचा. पोरं हसायची, तोही हसायचा.

शेवटचा स्वाध्याय दहा लूपचा होता. सगळे i वाले. ते काढून तिथे इटरेटर घालायचा. मी फळ्यापाशी उभी राहून सांगितलं, "आपण मोजत बसायचं नाही. यादीलाच विचारायचं, पुढे कोणी आहे का? असेल तर दे."

दादाने हात वर केला. "मॅडम, मग आपण कितवे आहोत ते कळणार कसं?"

"कळायची गरजच नाही."

"गरज नाही कशी?"

वर्ग हसला आणि मी चिडले. खरं तर त्याच्यावर नाही, हसणाऱ्यांवर चिडले होते. पण आवाज चढला तो त्याच्यावरच.

घरी मी त्याला परत समजावलं. "अरे दादा, टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत काय नंबर देतात का? पुढचा सरकला की मागचा येतो, बस."

"हं," तो म्हणाला. "कागदावर बघू दे मला."

दहावा लूप अवघड होता. माणसांच्या यादीतून नोकरी सोडून गेलेल्यांची नावं काढायची. i ने मोजत गेलं तर एक नाव काढल्यावर मागची नावं पुढे सरकतात, i मात्र पुढच्या आकड्यावर गेलेला असतो आणि मधलं एक नाव तपासायचंच राहतं. इटरेटरलाच 'हे काढ' असं सांगितलं की ही भानगड उरत नाही.

स्वाध्याय शनिवारी द्यायचा होता, त्याशिवाय कोर्स पुरा झाल्याचं सर्टिफिकेट मिळत नसे. सगळ्यांच्या फ्लॉप्या क्लासच्या खणात असायच्या. शुक्रवारी दुपारी, वर्ग भरायच्या आधी, मी दादाची फ्लॉपी लावली. नऊ लूप झाले होते, जरा लांबण लावून, पण बरोबर. दहाव्यात अजून i च होता. मी पाच मिनिटांत तो लिहून टाकला. बसलेच होते तर बाकीचे नऊही नीटनेटके केले आणि त्याच नावाने सेव्ह केलं. फार बरं वाटलं मला.

त्या दिवशी वर्गात फळ्यावरचीच उजळणी झाली, मशीनं लावलीच नाहीत. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना मी त्याला हे कौतुकाने सांगितलं. तो फळवाल्यापाशी थांबला. "सगळे?"

"दहावा पूर्ण. बाकीचे जरा नीट केले."

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता, तो तसाच रिकामा खाली आला. "बरं," म्हणाला आणि चालू लागला.

शनिवारी तो माझ्या टेबलापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, माझी फ्लॉपी तपासू नका. त्यातलं काम माझं नाही."

"दादा, असं काय करतोस? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तो गेला. मला त्याचा राग आला. एवढा कसला ताठा, असं मी आईजवळ बोललेसुद्धा.

रविवारी कपडे भिजवायला घेतले. आमच्याकडे आधी खिसे चाचपायची सवय. दादाच्या शुक्रवारच्या शर्टात चार घड्या घातलेलं कॅलेंडरचं पान निघालं. पट्टीने रकाने आखलेले. पहिल्या रकान्यातला i खोडलेला आणि त्या जागी रांगेत उभी छोटी छोटी माणसं, एकावर फुली, मागच्याकडे बाण. खाली पेन्सिलीने दहावा लूप लिहिलेला. तीन ठिकाणी खोडरबराने कागद विरला होता. पण लूप बरोबर होता, शेवटच्या अर्धविरामापर्यंत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने तो सोडवला असणार. त्या वेळी मी खण उघडत होते.

मी ओल्या हातांनी तशीच त्याच्यापुढे गेले. तो पेपर वाचत होता. "दादा, हे बरोबर आहे रे. उद्या दे, मी घेते."

"तुझं बघून लिहिलं नाही, हे आता कोण मानेल?"

"मी मानेन!"

"तू माझी बहीण आहेस," तो म्हणाला आणि त्याने पेपरचं पान उलटलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं.

दिवाळीनंतर तो स्टोअरमध्ये गेला आणि तिथूनच रिटायर झाला. मी किती वेळा माफी मागितली. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "सोड गं, जुनं झालं."

आता तो मोबाइलवर काही शोधत असला की माझे हात शिवशिवतात. मी ते मांडीखाली दाबून गप्प बसते. लागू दे कितीही वेळ. पण तो दोन-तीनदा बोट फिरवतो, थांबतो आणि फोन माझ्यापुढे धरतो.

"घे," म्हणतो, "तूच कर."