गुडघ्यापासून चार बोटे वर

मथुरावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीतल्या माझ्या खोलीत जुन्या वर्गांचे फोटो वर्षांनुसार लावत बसले होते. पुतण्या एवढेच म्हणाला, की आई सकाळी गेली, तू ये. मी हातातले फोटो आधी क्रमाने पेटीत ठेवले, झाकण बसवले आणि मग उठले. सवय, दुसरे काय... डहाणूच्या बसमध्ये मला रडू आले नाही. वहिनींनी सांगितलेले एक काम माझ्याकडून राहून गेले होते, तेवढेच डोक्यात घोळत होते.

ते काम कळण्यासाठी आमच्या लुगड्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी होड्या आत, पाण्यातच थांबतात. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायकांनी त्या पाण्यातून चालत बाहेर यायचे असते. म्हणून आमच्याकडे नऊवारी लुगडे कासोटा घट्ट मारून, गुडघ्यापासून चार बोटे वर नेसतात. ओला काठ पायांत येत नाही आणि चिखलातून पाय मोकळा उचलता येतो. नवीन लग्न होऊन आलेल्या वहिनींच्या गुडघ्यावर आपला हात आडवा ठेवून माझ्या आईने ही चार बोटे मोजून दिली होती, असे त्या सांगत. आई लवकर गेली. मला वहिनींनी वाढवले. स्वतः वाणगावच्या बाजारात मासळी विकत बसल्या आणि मला बोर्डीला शिकायला ठेवले. मी शिक्षिका झाले, पाचवारी गोल नेसू लागले आणि वहिनींना ‘तुम्ही’ म्हणू लागले. त्या मला अखेरपर्यंत ‘तू’ म्हणत. चिडवायचे असले की ‘मास्तरीण’.

२०१५ च्या दिवाळीत त्यांची नात केतकी घरी आली. ती मुंबईला कपड्यांचे डिझाइन शिकत होती आणि घरातल्या जुन्या माणसांच्या कपड्यांवरून तिला नवे कपडे बेतायचे होते. लुगड्याला मासळीचा वास येतो म्हणून लहानपणी आजीच्या मांडीवर न बसणारी ही मुलगी आजीची ट्रंक उपसून बसली होती, आणि वहिनी हरखून गेल्या होत्या. ओट्यावर उभे राहून त्यांनी लुगडे नेसून दाखवले. प्रत्येक वळसा त्या थांबून, बोलून समजावत होत्या. माझ्यापेक्षा चांगले शिकवत होत्या. केतकी मोबाइलवर चित्रण करत होती. मी शेजारी खुर्चीवर बसले होते.

“वहिनी, जरा खाली घ्या,” मी म्हणाले. “कॉलेजात दाखवायचं आहे. पाय उघडे दिसतात.”

“खाली घेतलं तर चालू कशी?”

“चालायचं कुठे आहे? नुसतं उभं राहायचं.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, लुगडे सोडले आणि घोट्यापर्यंत नेसून पुन्हा उभ्या राहिल्या. या खेपेला मात्र काही बोलल्या नाहीत. फोनमध्ये जागा कमी होती, म्हणून केतकीने पहिले चित्रण पुसून टाकले. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. त्या दिवशी बरोबर उत्तरावर लाल रेघ ओढली.

केतकीने त्या दुसऱ्या चित्रणावरून कपडे बेतले. शिवून तयार, बाजूला चेन, पायजम्यासारखे चढवायचे आणि काठ घोट्याशी. ते लोकांना फार आवडले. दोन वर्षांनी मुंबईत तिच्या कपड्यांचा मोठा कार्यक्रम झाला, आणि शेवटी आजीने मंचावर यावे असे ठरले. वहिनी आपल्या हिरव्या, लाल काठाच्या लुगड्यात आल्या. अर्थात चार बोटे वर. केतकीचे कपडे घालून मंचावर चालणाऱ्या मुलींना आम्ही पडद्याआडून पाहत होतो. सूत्रसंचालक सांगत होता, की ही किनाऱ्यावरची अस्सल पद्धत आहे. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, “ह्या पोरी पाण्यात उतरल्या तर पहिल्याच लाटेला तोंडावर पडतील.” मला हसू आले. त्या हसत नव्हत्या.

तेवढ्यात केतकी धावत आली आणि आजीकडे पाहून गडबडली. “आजी, थोडं खाली घे ना. सगळ्यांचं खाली आहे, तुझंच वेगळं दिसतंय.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. एका वाक्याचे काम होते... मी गप्प राहिले. त्यांनी लुगडे खाली घेतले. मंचाची पायरी चढताना टाच काठावर पडली, काठ फाटला आणि तोल सावरायला त्या हात टेकून वाकल्या. समोर बसलेल्यांना वाटले, म्हातारी मंचाला नमस्कार करते आहे. टाळ्या आणखी वाढल्या.

परतताना गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, “तू सांग तिला लुगडं कुठवर असतं ते. तुझं ऐकेल ती.” मी हो म्हटले.

मी सांगितले नाही. आधी केतकीची परीक्षा होती, मग नोकरी, मग तिचे स्वतःचे दुकान. कारणे माझ्याकडे अशी क्रमवार आहेत, आणि त्यांतले एकही खरे नाही. सांगायला गेले असते तर चूक कुणाची, हेही सांगावे लागले असते.

२०१९ च्या सुरुवातीला आमच्या भागात जमीन हादरत होती. लोक घरातल्या मोलाच्या वस्तू अंगणात आणून ठेवत. पुतण्याने कागदपत्रांची पिशवी आणली होती, सुनेने तांब्याची भांडी आणि वहिनींनी लुगड्यांची ट्रंक. मी भेटायला गेले तेव्हा त्या ट्रंकेला टेकून बोंबील निवडत बसल्या होत्या.

“सांगितलंस?” त्यांनी विचारले.

“सांगते.”

“कधी? मी मेल्यावर?” आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. आमची ती शेवटची भेट.

झाले तसेच. तेराव्याला केतकी आजीची आठवण म्हणून स्वतः शिवलेले लुगडे घालून आली होती, काठ घोट्याशी. मी तिला ओट्यावर बसवून सगळे सांगितले, अगदी त्या दिवाळीत खुर्चीवरून मी जे बोलले त्यासकट. तिने पायाशी आलेला काठ चिमटीत धरला. मग हळू आवाजात म्हणाली, “आत्याआजी, आता सगळे ह्यालाच आजीचं लुगडं म्हणतात. मी वर घेतलं तर म्हणतील, केतकीचं चुकलं.” तिला बोल कसा लावू? समोर ठेवले ते तिने नीट गिरवले होते.

ट्रंक आता माझ्या खोलीत आहे. आत आठ लुगडी आहेत. मी ती एकेक उलगडून पाहिली. सात लुगडी बसण्याच्या जागी विरली आहेत, कासोट्याशी त्यांचा रंग उडाला आहे, खांद्यावर मासळीच्या पाण्याचे डाग आहेत. पण खालचा काठ सातही लुगड्यांचा नव्यासारखा आहे. इतकी वर्षे समुद्रात उतरूनही तो कधी पायाखाली आला नाही. आठवे ते हिरवे. त्याचा काठ वीतभर फाटला आहे आणि फाटल्या जागी टाचेची धूळ तशीच आहे. शाळेत शिवणाचा तासही मीच घेत असे. दहा मिनिटांत हा काठ शिवून होईल. सुई ओवून ठेवली आहे. अजून एक टाकाही घातलेला नाही.