गंजाडचा वाजता दगड

यंदा सप्टेंबरात गंजाडहून फोन आला. नलूमावशी दुपारची जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही... आईची ही धाकटी बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्तीनंतर आम्ही तिला ठाण्याला बोलावलं, तर "तिथे गॅलरीत बसून गाड्या बघू काय?" म्हणत ती गंजाडलाच राहिली. बाई अशी ठाम, की वाद घालायला आलेला माणूस तिच्या हातचा चहा पिऊन, मान डोलावून परत जायचा.

सुट्टी मिळाली की मी तिच्याकडे जायचो. २०१६ च्या ऑक्टोबरात चारोटीला उतरून फोन केला, तर मी विचारत होतो एक आणि ती सांगत होती भलतंच. घरी गेल्यावर कळलं, दोन्ही कान चालले होते. डॉक्टरांनी मशीन सांगितलं होतं, पण त्यानेही फार काळ भागणार नव्हतं. रडगाणं तिच्या स्वभावात नव्हतं. पूर्ण बंद व्हायच्या आत एकदा वाजता दगड ऐकायचाय, तू आलास ते बरं झालं, असं म्हणून तिने चपला घातल्या.

हा दगड पाड्यामागच्या टेकडीवर आहे. म्हशीएवढा, काळाकुळकुळीत. खाली दोन-तीन टोकांवरच टेकलेला आणि मधे पोकळी, म्हणून असेल, पण गोट्याने ठोकला की पितळी ताटासारखा खणखणतो. शेजारचे धोंडे मात्र ठार मुके. मी तो पहिल्यांदाच बघत होतो, पोचताच गोटा शोधायला लागलो. तेवढ्यात खालच्या शेतात भात कापणारी रतन धापा टाकत वर आली. तिची बाळंतपणं मावशीनेच केलेली. मावशीला ओठ दिसावेत म्हणून समोर उभी राहून ती संकोचून म्हणाली, "बाई, अजून नवा भात नाय शिजला."

पाड्याची रीतच तशी. नव्या तांदळाचा भात देवाला दाखवल्याशिवाय दगड वाजवायचा नाही. कापणी बघता आठवडा सहज गेला असता, आणि माझी रजा संपत होती. रतन उतरून गेल्यावर मी मावशीच्या कानाशी ओरडलो, एकच ठोका मारतो, कोण बघतंय?

"त्यांची ताटं वाढली नाहीत, आणि आपण आधी जेवून घ्यायचं?" एवढं बोलून ती टेकडी उतरायला लागली. मला तिचा भयंकर राग आला. कान जात होते तिचे, आणि रस्ताभर फुरंगटून चाललो मी.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. माझं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून एकटीच बोलत होती. "गेले होते रे. रतनने ठोकला. मला नाही ऐकू आला. पण पाड्यातली पोरं दचकली, मग हसायला लागली... म्हणजे चांगला वाजला." पाठोपाठ चिकू पाठवते म्हणाली. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. ती मात्र खरोखर खुशीत होती, खोटं खूश राहणं तिला जमायचंच नाही.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेलो. रतन दारात आली. पाड्यात नवा भात शिजला होता, तरी दगड कोणी वाजवला नव्हता. "पयला ठोका बाईंच्या घरचा," ती म्हणाली. पाड्यातल्या पोरांसकट आम्ही सगळे टेकडीवर गेलो. तिने गोटा माझ्या हातात दिला, मी ठोकला... आवाज कसा होता, ते मला सांगता येणार नाही. मी पोरांच्या तोंडाकडे बघत होतो.